अंगावर वळ नाही, तरी छळ: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तसं काही नाही ताई, नुसतं बोलतात." तक्रार सांगायला आलेल्या बाईचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते आणि अर्ध्या तासाने कळतं, की त्या 'नुसतं'मध्ये बारा वर्षं गेली आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींच्या झोक्याखाली जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानी पडले, ते इथे घेतले आहेत. उत्तरं समोर बसून द्यावीत तशीच लिहिली आहेत.

तुम्ही आत्ता धोक्यात असाल तर पुढचं वाचत बसू नका. ११२ वर फोन करा. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मारहाण कधीच झाली नाही. मग याला छळ म्हणायचं का?

हो, म्हणायचं. शब्दांनी, अबोल्याने, धाकाने, पैशाच्या अडवणुकीने एखाद्या माणसाला पुन्हा पुन्हा इतकं दाबायचं, की त्याचा स्वतःवरचा भरवसा उडावा आणि दुसऱ्याच्या परवानगीशिवाय त्याने पाऊलही उचलू नये, याला मानसिक छळ म्हणतात. एखादा टोमणा कोणाच्याही तोंडून जातो. तोच टोमणा रोज, तेवढ्याच नेमाने, त्याच माणसाला बसत असेल तर तो सहज गेलेला नसतो.

"तो काय काय बोलतो?" असं मी फारसं विचारत नाही. बोलणं दुसऱ्याला सांगायला गेलं की ते सांगणाऱ्यालाच किरकोळ वाटू लागतं. मी विचारते, "पाच वर्षांपूर्वी तू काय काय करायचीस, जे आता करत नाहीस?" एकीने बोटं मोजत सांगितलं होतं: कानबाई देवीच्या उत्सवात गाणी म्हणणं, मैत्रिणीला फोन करणं, न्हाऊन केस मोकळे सोडून उन्हात बसणं, भाजीवाल्याकडून स्वतः निवडून भाजी घेणं. पाचव्या बोटाला ती थांबली आणि म्हणाली, "हसणं." यातलं एकही 'करू नकोस' असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. केल्यावर जे ऐकावं लागायचं, त्या धास्तीने तिने एकेक आपणच सोडलं होतं. तुमच्या बाबतीत शंका असेल तर तुम्हीही अशी यादी करून पाहा. यादी लांबत गेली तर उत्तर मिळालं.

भांडणं तर प्रत्येक घरात होतात. फरक कुठे करायचा?

कापसाचा भाव पडला, गारपिटीने केळी आडवी झाली, माणूस चिडला, ताट ढकललं, रात्री म्हणाला "चुकलं माझं". हे वागणं वाईटच, पण त्यात समोरच्याला उलट बोलता येतं, रुसता येतं, आणि दोन दिवसांनी गोष्ट मिटते. छळात भीती एकाच बाजूला असते. एकाचंच कायम खरं, दुसऱ्याने कायम माफी मागायची, आणि मिटलेली गोष्ट दर महिन्याला पुन्हा उकरून निघायची.

आणखी एक खूण सांगते. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तुमचं घर गप्प होतं का? टीव्ही बंद होतो, लेकरं दप्तर ओढून बसतात, सून ओट्यावरून उठून आत जाते. जिथे नुसत्या आवाजाने घर असं बदलतं, तिथे कोणी मारलं नसलं तरी सगळे मारायच्या अंतरावर बसलेले असतात.

"त्याला रागच आवरत नाही" हे कारण मला पटत नाही. साहेबापुढे, सावकारापुढे, सोसायटीच्या चेअरमनपुढे त्याला तो आवरतो. उंबरठ्याच्या आत आल्यावरच सुटतो, याचा अर्थ त्याला आवरता येतो.

आपल्याकडे हा छळ कोणत्या रूपात दिसतो?

पहिलं रूप माहेर तोडण्याचं. आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी यावं, झोका घ्यावा, गौराईची गाणी म्हणावीत, ही आपली रीत. न्यायला आलेला मुऱ्हाळी भाऊ चहा पिऊन एकटाच परत जातो, तेव्हा कारण साधंच असतं: "निंदणी राहिली आहे", "सासूची तब्येत बरी नाही". एखाद्या वर्षी ते खरंही असतं. सलग चार आखाज्या असं झालं, फोनवर बोलताना कोणी ना कोणी शेजारी उभं राहू लागलं, आईशी बोलणं संपल्यावर "काय काय सांगितलंस?" अशी चौकशी होऊ लागली, की समजावं: मुलीला माणसांपासून तोडलं जातंय. एकटं पडलेलं माणूस दाबायला सोपं जातं.

दुसरं, चारचौघांत पाणउतारा. भाऊबंद जेवायला बसलेत, खापरावर टाकताना पुरणाचा मांडा फाटला, आणि पंगतीतून आवाज येतो, "हिच्या आईने शिकवलं असतं तर!" सगळे हसतात. हसणारे वाईट नसतात, त्यांना ती गंमत वाटते. पण आत चुलीपाशी बसलेली बाई पुढच्या मांड्याला हात थरथरत घालते, मग तोही फाटतो.

आंडोर, म्हणजे मुलगा, झाला नाही म्हणून ऐकवणं इतकं अंगवळणी पडलं आहे, की अनेक बायकांना तो छळ आहे हेच सांगावं लागतं. मूल न होण्यावरून किंवा मुलगा न होण्यावरून हिणवणं हे कायद्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्याबद्दल पुढे सांगते. मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हेही एकदा घरात मोठ्याने बोलायला हवं.

पैशाचं तर काय सांगावं. कापूस वेचून बोटांची सालं गेली, मजुरी मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात. बाईला चपलेसाठी शंभर रुपये मागायचे तर चार वेळा हिशेब द्यायचा. बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्ड तिच्या नावाचं, ठेवलेलं दुसऱ्याच्या कपाटात. पगार असलेल्या बायकांची गतही वेगळी नाही. मास्तरीण, परिचारिका, अंगणवाडी सेविका, कितीतरी जणींना आपल्या खात्यात किती शिल्लक आहे हे माहीत नसतं.

अबोला हेही हत्यार आहे. राग शांत होईपर्यंत गप्प बसणं वेगळं. पंधरा पंधरा दिवस एकाच घरात समोरच्याला जणू ती नाहीच अशा रीतीने वागायचं, लेकरांमार्फत निरोप द्यायचे, तिने वाढलेलं ताट न शिवता उठायचं आणि चूक कोणती ते सांगायचंच नाही. असं झालं की बाई शेवटी न केलेल्या चुकीची माफी मागते.

आणि एक रूप, जे सांगताना बायकांचा आवाज खाली जातो. "तू गेलीस तर मी फवारणीचं औषध घेईन." शेतीच्या घरात औषधाची बाटली हाताशीच असते, त्यामुळे ही धमकी हलकी समजू नका. बाटल्या कुलपात ठेवा, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला लगेच सांगा, १४४१६ किंवा ११२ वर कळवा. त्या माणसाला खरोखर उपचारांची गरज असू शकते. पण त्याला जिवंत ठेवण्याची किंमत म्हणून तुम्ही कैदेत राहिलं पाहिजे, हे कोणीही तुमच्या गळ्यात मारू नये.

तो म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो, तुलाच भास होतात." आता मलाच माझी शंका येते.

ही शंका येणं हाच त्या वागण्याचा परिणाम आहे. घडलेलं नाकारायचं, तारीख बदलायची, "तुझं डोकं फिरलंय" म्हणायचं, मग नातेवाइकांनाही तेच सांगून ठेवायचं. वर्षभर असं चाललं की शहाणं माणूसही गॅस बंद केला का हे तीनदा जाऊन बघतं.

उपाय साधा आहे. लिहून ठेवा. वार, तारीख, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते. भावना लिहिल्या नाहीत तरी चालेल, शब्द लिहा. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर बहिणीला रोज एक निरोप पाठवा आणि आपल्या फोनवरून पुसून टाका. तिच्याकडे तो राहतो. महिनाभराने तिच्याकडून ते सगळं सलग वाचून घ्या. आपल्याला भास होत होते की नव्हते, ते आपोआप कळतं.

पण मधेच तो इतका चांगला वागतो! साडी आणतो, सप्तशृंगीला नेतो. मग वाटतं, मीच जास्त मनाला लावून घेते.

चांगले दिवस खोटे असतात असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांतलं प्रेम कदाचित खरंही असेल. पण चांगले दिवस केव्हा येतात ते पाहा. तुम्ही माहेरी निघून गेल्यावर, सासऱ्यांनी झापल्यावर, कोणाला तरी कळल्यावर येतात का? आणि ते किती दिवस टिकतात? ताण वाढत जातो, एक दिवस फुटतो, मग गोडी, मग पुन्हा ताण. हे चक्र ओळखीचं वाटत असेल तर साडीने काही बदललेलं नाही. आधी दुखावून मग जवळ घेतलं की त्या जवळ घेण्याची ओढ नेहमीपेक्षा जास्त लागते. मनाची घडणच तशी आहे. तुम्ही कमकुवत आहात असा त्याचा अर्थ नाही.

हे अडाणी घरांतच होतं ना?

नाही. बंगल्यात होतं, झोपडीत होतं, डॉक्टरांच्या घरी होतं, समाजसेवा करणाऱ्यांच्या घरीही होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या बायकांपैकी १४ टक्के बायकांनी नवऱ्याकडून मानसिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हा आकडा सांगणाऱ्यांचा आहे. "नुसतं बोलतात" म्हणणाऱ्या त्यात किती आल्या असतील, याचा विचार करा.

माझं डोकं सतत दुखतं, पोटात कळा येतात. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. याचा संबंध असेल का?

असू शकतो. सततच्या धास्तीत शरीर पळायच्या तयारीत राहतं. झोप तुटते, मान आणि पाठ आखडते, पोट बिघडते, छाती धडधडते, भूक मरते किंवा नको इतकं खाल्लं जातं. पुढे उदासी, काहीच नकोसं वाटणं, आपण जड झालो आहोत असं वाटणं सुरू होतं. तपासण्या जरूर करा, कारण दुसरा आजारही असू शकतो. पण डॉक्टरांना एकांतात घरचं सांगा. नवरा किंवा सासू सोबत आली असेल तर "मला एकटीला बोलायचं आहे" असं परिचारिकेला आधीच सांगून ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचे डॉक्टर भेटतात. भगताकडे किंवा बाबाकडे नेऊन 'हिला बाहेरचं झालंय' असं ठरवलं जात असेल तर तोही त्याच छळाचा भाग असू शकतो.

इतका त्रास आहे तर ती निघून का येत नाही?

हा प्रश्न जवळची माणसंच विचारतात आणि तो ऐकून बाई आणखी गप्प होते. जायचं कुठे? भावाचं लग्न झालंय, वहिनीच्या मनात काय आहे माहीत नाही. धाकट्या बहिणीचं जमायचं आहे, "हिची बहीण नांदत नाही" म्हटलं की स्थळं येत नाहीत. लेकरांची शाळा आहे. हातात पाचशे रुपये नाहीत. आणि आई स्वतः फोनवर हळूच सांगते, "घरनी गोट घरमाच राहू दे." म्हणजे घरची गोष्ट घरातच राहू दे. आईचं चुकतं, पण तिनेही तसंच निभावलेलं असतं.

निघण्याचा काळ धोक्याचाही असतो. ताबा सुटतोय असं दिसलं की आजवर हात न उचललेला माणूसही हात उचलू शकतो. म्हणून रागाच्या भरात रात्री घर सोडण्यापेक्षा आधी तयारी करा. आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं यांच्या प्रती एका विश्वासू माणसाकडे ठेवा. थोडे पैसे बाजूला काढा. आपल्या दागिन्यांचे फोटो काढा. आणि राहायचं ठरवलं तरी तुम्ही चुकत नाही. राहूनही मदत घेता येते.

कायद्यात मानसिक छळाला जागा आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणींना ती माहीत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्याच्या कलम ३मध्ये शारीरिक आणि लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक हिंसाही धरली आहे. अपमान, टिंगल, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नसल्यावरून हिणवणं, तुमच्या जिवाभावाच्या माणसाला इजा करण्याची वारंवार धमकी, हे सगळं त्यात येतं. खर्चाला पैसे न देणं आणि स्त्रीधन विकून टाकणं हे आर्थिक हिंसेत येतं. बायकोच नव्हे, आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, आणि लग्नासारख्या संबंधात एकत्र राहिलेली स्त्रीही या कायद्याचा आधार घेऊ शकते. सासू किंवा नणंद त्रास देत असेल तर तिच्याविरुद्धही अर्ज चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

या कायद्यात आधी कोणाला तुरुंगात टाकावं लागत नाही, हे मला त्याचं मोठं बळ वाटतं. कितीतरी जणी म्हणतात, "मला त्याला आत टाकायचं नाही, फक्त हे थांबायला हवं." दंडाधिकारी छळ थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि मानसिक यातनांची भरपाईही मागता येते. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्ज करतानाच अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागा.

अर्जासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. ते महिला व बाल विकास विभागात भेटतात, आणि घटनेचा अहवाल भरून देणं हे त्यांचं काम आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायद्याची मदत एका ठिकाणी मिळते. १८१ वर विचारलं की जवळचं केंद्र सांगतात. वकिलाच्या फीची चिंता करू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

छळ इतका असेल की बाईने जीव द्यावा किंवा तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा व्हावी, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५खाली फौजदारी गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. जुन्या लोकांना तो आधीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९८ अ म्हणून माहीत आहे.

मुलगी सुरतला दिली आहे. तक्रार करायला तिथेच जावं लागेल?

नाही. आपल्या कितीतरी मुली उधना, लिंबायतच्या खोल्यांमध्ये नांदतात. तिथे भाषा परकी, शेजार परका, माहेर रेल्वेच्या अंतरावर. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७प्रमाणे बाई जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. म्हणजे ती नंदुरबारला किंवा अमळनेरला आईकडे आली असेल तर तिथेच. फौजदारी तक्रारही आसऱ्याच्या ठिकाणी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. मुलगी अजून सुरतेत असेल आणि तातडी असेल तर गुजरातमध्येही १८१च क्रमांक आहे, तिथे त्याला अभयम म्हणतात.

चार लोक बसवून मिटवता येणार नाही का?

कधी कधी येतं. जाणत्या मामाने किंवा शिक्षकाने कान धरला आणि माणूस सुधारला, अशी घरंही मी पाहिली आहेत. पण बैठकीत बाई स्वतः बोलते का, की तिचा बापच तिच्या वतीने हात जोडतो? जे ठरलं ते कागदावर येतं का? महिनाभराने कोणी विचारायला जातं का? या तिन्हींचं उत्तर नाही असेल तर त्या बैठकीतून एकच गोष्ट निघते: तिला पुन्हा गाडीत बसवून पाठवणं.

जातपंचायत दंड लावत असेल, वाळीत टाकायची भाषा करत असेल, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा भागात बाईला 'डाकीण' ठरवण्याचे प्रकार होत आले आहेत. तिच्याकडे कोणी पाणी मागत नाही, लेकरं पळतात, आजार आला की बोट तिच्याकडे. एकट्या विधवेची जमीन हा त्यामागचा हेतू असतो, असं अनेकदा उघड झालं आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली हा गुन्हा आहे. इथे थांबायचं नाही, थेट पोलिसांत जायचं.

पुरावा काय द्यायचा? शब्दांचा पुरावा कसा असेल?

वर सांगितलेली वही, फोनवरचे निरोप, आवाजाच्या नोंदी, डॉक्टरांचे कागद, शेजारणीची साक्ष, माहेरी पाठवलेली पत्रं. त्याच्याकडून आलेले निरोप पुसू नका, आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका. नवरा-बायकोच्या खटल्यात गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. तरी नोंदी करताना पकडलं जाण्याचा धोका आधी तोला. पुरावा नंतरही गोळा होतो.

पुरुषांचा, म्हाताऱ्यांचा, मुलांचा छळ होत नाही का?

होतो. पुरुष त्याबद्दल बोलतच नाहीत, कारण "बायको बोलते म्हणून रडतोस?" हे ऐकायची तयारी नसते. २००५चा कायदा त्यांना लागू नाही, पण हिंदू विवाह कायद्यात मानसिक क्रूरता हे दोघांसाठीही घटस्फोटाचं कारण आहे, आणि १४४१६ सर्वांसाठी आहे.

म्हाताऱ्यांचं मला जास्त लागतं. सातबारा मुलाच्या नावावर केल्यानंतर ओसरीवरची खाट गोठ्याकडे सरकते. कोणी मारत नाही. जेवण शेवटी येतं, नातवांना जवळ येऊ देत नाहीत, बोलायला गेलं की "तुम्हाला काय समजतं आबा". २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. जमीन देताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द बक्षीसपत्रात लिहून घ्या. ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो. ज्येष्ठांचा मदत क्रमांक १४५६७.

मुलांसाठी एवढंच: शाळेत मारण्याप्रमाणेच मानसिक त्रास देण्यालाही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरात "तू जन्मालाच यायला नको होतीस" हे वाक्य एकदा जरी ऐकलं तरी मूल ते पन्नास वर्षं सांभाळतं.

हे वाचताना वाटलं, मीच असा वागतो. आता?

असं वाटून घेणारा माणूस मला आदराचा वाटतो. आधी एक करा: बायकोला "मी तुला कधी त्रास दिला?" असं विचारू नका. ती भीतीने "नाही" म्हणेल. त्यापेक्षा वर सांगितलेली यादी तुम्ही करा. ती काय काय करायची आणि आता करत नाही? त्यातली एक गोष्ट तिला परत मिळेल अशी सोय करा आणि त्याची फेड मागू नका. दारू असेल तर ती सोडायला मदत घ्या, पण सगळं दारूवर ढकलू नका; न पितासुद्धा बोलणं तसंच असतं. समुपदेशकाकडे एकटे जा. भरवसा परत यायला वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही. तरी करा.

लग्न जमवतानाच काही ओळखता येतं का?

काही खुणा दिसतात. साखरपुड्यानंतर मुलगा दिवसाला वीस फोन करतो, उचलला नाही की रुसतो, मैत्रिणींची नावं विचारतो, फेसबुकवरचे फोटो काढायला लावतो, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, "किती जीव आहे त्याचा!" जीव आणि पहारा यांतला फरक मुलीला सांगा. मुलाने आपल्या आईशी, हॉटेलातल्या पोऱ्याशी, शेतातल्या सालदाराशी कसं बोललं तेही पाहा. मुलीने एखाद्या साध्या गोष्टीला "नाही" म्हणून बघावं. त्या नाहीनंतरचा त्याचा चेहरा पत्रिकेपेक्षा जास्त सांगतो.

लग्नानंतरही मुलीचं बँक खातं, तिची प्रमाणपत्रं, तिचा फोन तिच्याकडेच राहील हे मोकळेपणाने ठरवा. आणि मुलांना वाढवताना, बहिणीने ताट उचलायचं आणि भावाने हुकूम सोडायचा, ही शिकवण आपल्याच स्वयंपाकघरात बंद करा. वीस वर्षांनी कोणाच्या तरी लेकीला ती भोगावी लागते.

माझ्या बहिणीचं असं चाललंय असं वाटतं. ती कबूल करत नाही. मी काय करू?

तिच्या नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही परत निघालात की त्याची वसुली तिच्याकडून होते. "सोडून दे त्याला" असंही पहिल्याच दिवशी म्हणू नका, कारण ती नाही म्हणेल आणि मग तुम्हालाही सांगायचं बंद करेल. कारण न सांगता भेटायला जा. भरताची वांगी दिली, लेकरांना खाऊ दिला, अर्धा तास बसलात, एवढं पुरे. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. लोक येतात-जातात हे त्या घराला दिसलं पाहिजे.

एकांत मिळाला तर इतकंच म्हणा, "तू आधी किती बोलायचीस. आता गप्प असतेस. मला काळजी वाटते." मग तुम्ही गप्प बसा. ती बोलली तर विश्वास ठेवा, पुरावे मागू नका, तिच्या परवानगीशिवाय घरात कोणाला सांगू नका. आणि आईवडिलांना, वहिनीला आधी एकत्र बसवून ठरवा, की ती आली तर कुठल्या खोलीत राहील, खर्च कोण करेल. हे ठरल्यावरच तिला "केव्हाही ये" म्हणा. रिकामं आश्वासन दिलेलं तिला कळतं.

शेवटी तिच्यासोबत एक साधं वाक्य ठरवून ठेवा, जे शेजारी कोणी उभं असतानाही फोनवर म्हणता येईल. उदाहरणार्थ, उन्हात वाळवायच्या ज्वारीच्या पापडांवरून, "आईला विचार, बिबड्या वाळल्या का?" हे वाक्य कानावर आलं की पुढे काही विचारायचं नाही. "वाळल्या" म्हणायचं, फोन ठेवायचा आणि गाडी काढायची.